कल्हई की मुलामा? इंजिनावरच्या रंगीत पार्टांचा धडा



"लाल टॅपेट कव्हर लावलं की गाडी जास्त पळते का?" सहावी-सातवीच्या मुलांकडून हा प्रश्न तुम्ही ऐकला नसेल, तर लवकरच ऐकाल. मोबाइलवरच्या रील्स आणि गाड्यांचे गेम यांमुळे मुलांना निसान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा, होंडा सिव्हिक ही नावं तोंडपाठ आहेत. बॉनेट उघडलं की आत लाल झाकण, निळे होज पाईप, सोनेरी बोल्ट, आरशासारखी चमकणारी नळी. मुलांच्या डोळ्यांना ते दिवाळीतल्या दुकानासारखं वाटतं. हे सामान नंतर वेगळं विकत घेऊन बसवतात. त्याला आफ्टरमार्केट म्हणतात, आणि त्यातलं जे फक्त दिसण्यासाठी असतं त्याला ड्रेस-अप पार्ट. गॅरेजच्या भाषेत सरळ "शोचं सामान".

हा विषय शाळेचा कसा, असं वाटू शकेल. पण आपल्या चिकलठाण्यात तो शाळेचाच आहे. आपल्या अनेक मुलांचे आई-वडील एमआयडीसीत कामाला जातात. कुणी प्रेसवर, कुणी लेथवर, कुणी पावडर कोटिंगच्या भट्टीवर, कुणी प्लेटिंगच्या टाकीवर. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि जपानच्या कावासाकीच्या सहकार्याने बजाजने केबी१०० सारख्या मोटारसायकली बनवल्या. शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य सरकारशी इथल्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. म्हणजे गाडीचा पार्ट हा आपल्या मुलांसाठी परका विषय नाही, घरच्या डब्याइतका जवळचा आहे. त्याच पार्टाच्या रंगाला भुलून हीच मुलं दोन-चार वर्षांनी आई-वडिलांच्या कष्टाचे पैसे उडवणार असतील, तर त्याआधी वर्गात बोललेलं बरं.

आधी दोन शब्द : कल्हई आणि मुलामा

या संपूर्ण विषयाची किल्ली आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे. पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी केली तर ती कळकते. म्हणून कल्हईवाला यायचा. भाता लावून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो आतून पुसून घ्यायचा. २३२ अंश सेल्सिअसला वितळणारं कथील भांड्याला आतून चिकटायचं. भांडं चांदीसारखं चमकायचं. पण ती चमक हा कल्हईचा हेतू नव्हता. आंबट पदार्थ आणि पितळ यांच्यामध्ये एक भिंत उभी करायची, हे तिचं काम होतं. चमक फुकटात मिळायची.

मुलामा म्हणजे याच्या उलट. तांब्याच्या अंगठीवर सोन्याचं पाणी. खाली काय आहे ते झाकायचं आणि वर काहीतरी भारी दाखवायचं. मुलामा वाईटच असतो असं नाही. लग्नात सगळ्यांनाच खरे दागिने कुठे परवडतात? फक्त मुलामा आहे हे माहीत असावं, आणि सोन्याचे पैसे देऊन तो घेऊ नये.

इंजिनावरचा प्रत्येक रंगीत पार्ट समोर ठेवून मुलांना एवढंच विचारायचं : ही कल्हई आहे की मुलामा?

लाल झाकण आलं कुठून?

टॅपेट कव्हर, म्हणजेच हेड कव्हर, हे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याखाली हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह वर-खाली होत असतात आणि त्यांच्यावर सतत तेल उडत असतं. तेल बाहेर येऊ नये आणि धूळ आत जाऊ नये, एवढं या झाकणाचं काम. रंग कोणताही दिला तरी त्या कामात काडीचा फरक पडत नाही.

मग लाल रंगाला एवढा भाव का आला? १९९५ मध्ये होंडाने जपानमध्ये इंटेग्रा टाइप आर ही गाडी आणली. तिचं इंजिन फक्त १.८ लिटरचं, पण मिनिटाला ८००० फेऱ्यांवर ते २०० पीएस ताकद द्यायचं. टर्बो नसताना एवढ्या लहान इंजिनातून एवढी ताकद काढणं ही मोठीच गोष्ट होती. त्यासाठी हवा जाण्याचे मार्ग हाताने घासून गुळगुळीत केलेले, आतले भाग निवडून बसवलेले. हे इंजिन साध्या इंजिनापेक्षा वेगळं आहे हे कळावं म्हणून त्याच्या झाकणाला लाल रंग. म्हणजे रंगामुळे ताकद आली नव्हती. ताकद आधी आली, रंग ही तिची खूण होती. पोलिसाच्या टोपीसारखं. टोपी घातली म्हणून कुणी पोलीस होत नाही.

जपानमध्ये रंगावरून इंजिन ओळखण्याची सवयच पडलेली होती. निसानच्या एसआर२० टर्बो इंजिनाला त्याच्या झाकणावरून "रेड टॉप", "ब्लॅक टॉप" म्हणत. टोयोटाच्या ४ए-जीई इंजिनाच्या वीस व्हॉल्व्हच्या प्रकारांना "सिल्व्हर टॉप" आणि "ब्लॅक टॉप". शर्यतीच्या गाड्यांसाठी पार्ट बनवणाऱ्या कंपन्याही तिथे होत्या. एचकेएस १९७३ ची. म्युगेनही १९७३ चीच, ती होंडाचे संस्थापक सोइचिरो होंडा यांच्या मुलाने, हिरोतोशी यांनी सुरू केली. या कंपन्या खरोखर शर्यतीत उतरल्या, म्हणून त्यांच्या नावाला मान होता.

पुढे मान मिळवण्याचा सोपा रस्ता लोकांना सापडला. साध्या गाडीच्या झाकणालाही लाल रंग. म्युगेनच्या तेलाच्या झाकणासारखं दिसणारं झाकण. २००१ मध्ये "द फास्ट अँड द फ्युरियस" हा सिनेमा आला आणि ही हौस जगभर पसरली. आपल्याकडे होंडा सिटी व्हीटेकवाल्यांनी ती उचलली. आता नामांकित जपानी कंपन्यांच्या नावाचे हुबेहूब दिसणारे नकली पार्ट ऑनलाइन ढिगाने मिळतात. खूण राहिली, ज्याची ती खूण होती ते इंजिन मात्र तिथे नाही.

एकेक पार्ट तपासू या

आता आपली कसोटी लावू. प्रत्येक पार्टाला तीन प्रश्न : याचं मूळ काम काय? नवा पार्ट ते काम करतो का? नाही केलं तर नुकसान कुणाचं?

१) तेल भरण्याचं रंगीत झाकण. मूळ झाकण बहुधा प्लास्टिकचं. ते हाताला फारसं पोळत नाही. रंगीत झाकण ॲल्युमिनियमचं, इंजिनाबरोबर चांगलंच तापतं. आटे नीट जुळले आणि आतलं रबर चांगलं असलं तर तेल गळत नाही. म्हणजे हा निव्वळ मुलामा, पण बिनधोक मुलामा.

२) रेडिएटरचं झाकण. इथे मात्र सावध. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. १०० अंशांना उकळणारं पाणी साधारण एक किलोचा जादा दाब दिला की सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून तर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. बऱ्याच जपानी गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा. बाजारातल्या शोच्या झाकणावर बऱ्याचदा १.३ असतं. मुलांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं. पण जादा दाब पूर्ण यंत्रणेला सोसावा लागतो आणि जुना होज पाईप किंवा प्लास्टिकची टाकी जिथे कच्ची असेल तिथे फुटते. नकली झाकणावर आकडा एक आणि आतली स्प्रिंग भलतीच, असंही होऊ शकतं. रंग पाहून हे झाकण कधीच घेऊ नये. आणि गरम इंजिनाचं हे झाकण उघडायचं नाही, हे मुलांना दहा वेळा सांगावं.

३) निळे-लाल सिलिकॉनचे पाईप. ही खरी कल्हई असू शकते. टर्बोच्या गाडीत पाईपाला खूप उष्णता सोसावी लागते आणि चांगलं सिलिकॉन साध्या रबरापेक्षा ती जास्त सोसतं. पण साधं सिलिकॉन पेट्रोल आणि तेलाला चालत नाही. त्यातून पेट्रोल हळूहळू झिरपतं. पाण्याच्या जागेचा निळा पाईप पेट्रोलच्या जागी लावला तर गाडी पेटू शकते. तीच वस्तू एका जागी कल्हई, दुसऱ्या जागी आग.

४) पाईपावर चढवायची विणलेली चमकदार जाळी. शर्यतीच्या गाडीत स्टीलच्या जाळीचा पाईप दाब सोसण्यासाठी असतो. बाजारात मात्र नुसती जाळीची नळी मिळते, जुन्याच पाईपावर चढवायची. आत पाईपाला भेग पडली तरी दिसत नाही. झाकलेला आजार वाढतो, तसंच हे.

५) रंगीत बोल्ट. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टीलच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. पहिल्या आकड्याला १०० ने गुणायचं. म्हणजे हा बोल्ट प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण आल्यावर तुटेल. सोनेरी-जांभळे बोल्ट बहुधा ॲल्युमिनियमचे. ६०६१ नावाचं नेहमीचं मिश्रधातू घेतलं तर त्याची ताकद साधारण ३०० च्या आसपास. नंबर प्लेटला लावा, चालेल. ब्रेकला किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या जागी लावला तर जीवाशी खेळ. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्यापायी नाकच जायचं.

६) उघडा शंकूसारखा एअर फिल्टर. आवाज भारी येतो. पण कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा आत घेतो, आणि उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली. गरम हवा विरळ असते, म्हणून तेवढ्याच घोटात ऑक्सिजन कमी मिळतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर विचारूच नका. आवाज वाढतो, ताकद कमीही होऊ शकते.

७) दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारी आडवी दांडी. चांगली, जाड, घट्ट बसवलेली दांडी वळणावर गाडीच्या सांगाड्याला आधार देते. ती कल्हई. पण मध्ये सांधा असलेली, हलणारी, नुसती पॉलिश केलेली दांडी म्हणजे मुलामा. हाताने हलवून पाहिलं तरी फरक कळतो.

पाहा, एकच शिक्का सगळ्यांवर मारता येत नाही. "हे सगळं फालतू आहे" असं मोठ्यांनी म्हटलं की मुलं ऐकणं थांबवतात. "चल, तपासू" म्हटलं की तीच मुलं आपल्याला चार नवीन गोष्टी सांगतात.

हे रंग चढतात कसे?

इथे विज्ञानाचा खरा धडा आहे, आणि त्याची प्रयोगशाळा आपल्याच एमआयडीसीत आहे.

ॲनोडायझिंग. ॲल्युमिनियमला रंग लावायचा तर एक अडचण. ते इतकं गुळगुळीत की साधा रंग पोपडा धरून निघतो. म्हणून आधी पार्ट सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत टांगतात आणि त्याला विजेचं धन टोक जोडतात. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड होतं. तो थर बाहेरून लावलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो, केळीला साल असावी तसा. जाडी साधारण ५ ते २५ मायक्रॉन. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. या थरात मधमाशीच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रं असतात. पार्ट रंगाच्या पाण्यात बुडवला की रंग छिद्रांत शिरतो. मग उकळत्या पाण्यात ठेवला की छिद्रं मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. लाल बोल्ट, निळं झाकण, सगळं असंच. माणिक आणि नीलम हेही मुळात ॲल्युमिनियमचं ऑक्साइडच, हे सांगितलं की मुलं हरखतात. घरातली काळपट हार्ड ॲनोडाइज्ड कढई हेही याच कुळातलं, फक्त थर जास्त जाड आणि कठीण. जर्मनच्या भांड्याची ती सुधारलेली नात म्हणा.

म्हणजे ॲनोडायझिंग ही मुळात कल्हईच आहे. धातूला गंजण्यापासून आणि ओरखड्यापासून वाचवणारी. तिच्यात भरलेला रंग मात्र शोचा. उन्हाने आणि उष्णतेने तो फिका पडतो, थर तसाच राहतो.

सुरकुत्यांचा रंग. त्या प्रसिद्ध लाल झाकणाचा रंग गुळगुळीत नसतो, बारीक सुरकुतलेला असतो. तापवलेलं दूध आठवा. वरची साय आधी धरते, खालचं पातळच असतं, मग साय आक्रसून तिच्यावर सुरकुत्या पडतात. या रंगाचंही तसंच. वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून, आणि आक्रसल्याने सुरकुत्या येतात. फायदा असा की ओतीव धातूचा खडबडीतपणा त्यात झाकला जातो, घासून गुळगुळीत करायची मेहनत वाचते.

पावडर कोटिंग. रंगाची कोरडी भुकटी विद्युतभार देऊन पार्टावर उडवतात. ती चिकटते, कारण विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तेच तत्त्व. मग सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळून एकसंध होते. थर जाड आणि टिकाऊ. पण मोटारसायकलच्या इंजिनाचे पंखे, म्हणजे ते थंड करणारे उभे-आडवे पातळ काप, यांच्यावर जाड थर चढवला की उष्णता बाहेर पडायला अडथळा येतो. चांगली वस्तू चुकीच्या जागी.

क्रोम. आरशासारखी चमक क्रोमची वाटते, पण खालच्या निकेलच्या थराचं श्रेय मोठं असतं. शोभेच्या क्रोमचा वरचा थर बहुधा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. क्रोमच्या कामातलं एक सत्य मुलांपासून लपवू नये. पारंपरिक टाकीतलं षट्‌संयुजी क्रोमियम विषारी असतं, त्याने कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तिथे काम करणाऱ्याला हातमोजे, वाफ ओढून घेणारा पंखा, आणि धुतलेल्या पाण्यावर प्रक्रिया हे सगळं हवंच. चिकलठाण्याच्या कडेने सुखना वाहते. "टाकी धुतलेलं पाणी शेवटी कुठे जायला हवं?" हा प्रश्न परिसर अभ्यासाच्या तासाला विचारण्यासारखा आहे. पार्टाच्या चमकेची किंमत फक्त दुकानदाराला दिलेल्या पैशांत नसते.

निळा-सोनेरी पडलेला पाईप. बुलेटचा किंवा शर्यतीच्या गाडीचा बेंड पाईप तापून सोनेरी, जांभळा, निळा होतो, तो पाहिलाय ना? तिथे रंगाचा थेंबही नसतो. तापल्यामुळे धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा येतो. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर इंद्रधनुष्य दिसतं, ते याच कारणाने. साध्या पोलादावर साधारण २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा आणि ३०० च्या आसपास निळा रंग येतो. जुने लोहार छिन्नीला पाणी देताना याच रंगांवरून उष्णता ओळखायचे. म्हणजे हा रंग ही धातूने दिलेली माहिती आहे. आणि बाजारात असाच "जळलेला" रंग मारलेले सायलेन्सर मिळतात. न तापताच जळलेले!

वर्गात करून पाहा

१) बिनरंगाचे रंग. पसरट ताटलीत पाणी घ्या. काळ्या कागदाचा तुकडा पाण्यात बुडवून ठेवा. पाण्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एकच थेंब सोडा. तो पसरला की कागद हळूच वर उचला आणि वाळू द्या. कागद तिरका धरला की त्यावर इंद्रधनुष्य दिसेल. नेलपॉलिशला रंग नव्हता, मग हे रंग आले कुठून? बेंड पाईपाचं उत्तर मुलांना स्वतःच सापडेल.

२) थर आहे की नाही? सेल, छोटा एलईडी आणि दोन वायरी घ्या. जर्मनच्या पातेल्याला दोन्ही टोकं लावा, दिवा लागेल. नॉनस्टिकचा लेप नसलेल्या हार्ड ॲनोडाइज्ड भांड्याला लावा, लागणार नाही. डोळ्यांना न दिसणारा थर वीज अडवतो. हे पाहिलं की "ऑक्साइड" हा शब्द पाठ करावा लागत नाही.

३) खिळ्यावर तांबं. हा प्रयोग फक्त शिक्षकांनी, हातमोजे घालून करावा. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हातात देऊ नये. मोरचुदाच्या पाण्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा ठेवा. थोड्या वेळात त्याच्यावर तांबूस थर येतो. मग कागदाने पुसून दाखवा, तो सहज निघतो. हा मुलामा. कारखान्यात पार्ट आधी इतका धुतात, घासतात आणि विजेचा प्रवाह मोजून देतात, ते कशासाठी, हे त्यातून कळतं.

४) बोल्टाचं डोकं वाचा. घरी किंवा वडिलांच्या कामावरच्या भंगारात मिळणारे बोल्ट आणायला सांगा. डोक्यावरचे आकडे वहीत लिहून गुणाकार करून ताकद काढायची. ४.६, ८.८, १०.९ असे आकडे मिळतील. गणिताचा तासही होतो. ज्या मुलाचे वडील कारखान्यात आहेत, ते या तासाला येऊन पाच मिनिटं बोलले तर सोन्याहून पिवळं. प्लेटिंगच्या टाकीवर उभं राहणाऱ्या माणसाला पोराच्या शाळेत कुणी "आम्हाला सांगा" असं सहसा म्हणत नाही.

५) तीन प्रश्नांचा तक्ता. सायकल घ्या, कारण ती प्रत्येकाकडे आहे. घंटी, रिफ्लेक्टर, चेनचं कव्हर, चाकातले रंगीत मणी, हँडलच्या झिरमिळ्या. काम काय, करतं का, नसलं तर काय होईल? रिफ्लेक्टर लाल आणि चमकदार असतो म्हणून मुलं त्याला आधी मुलाम्यात टाकतात. मग रात्री मागून येणारा ट्रक आठवतो आणि त्याची जागा बदलते. दिसायला सुंदर असणारं सगळंच निरुपयोगी नसतं, हे तिथे ठसतं.

पालकांसाठी थोडं स्पष्ट

मुलगा दहावी-बारावीत गेला की विषय पोस्टरवरून प्रत्यक्ष गाडीवर येतो. काही गोष्टी माहीत असू द्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदावर लिहिलेल्या बाबी कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळ्या होतील असा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कायद्यात न बसणारा बदल केला तर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेलाच्या झाकणाचा रंग नोंदणीच्या कागदावर नसतो, त्यामुळे त्याची चिंता नाही. पण फटाके फोडणारा सायलेन्सर, बदललेलं इंजिन, चेसिसमधली कापाकापी ही वेगळी गोष्ट आहे.

त्याहून महत्त्वाचं कलम १९९अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. कंपनीत लागायचं तर दुचाकी लागतेच अशा आपल्या भागात, २५ पर्यंत लायसन्स नसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पैसे देण्यापूर्वी मुलाकडूनच तीन प्रश्नांचा तक्ता भरून घ्या. तक्ता भरूनही त्याला ते लाल झाकण हवंच असेल आणि त्याने स्वतःचे पैसे साठवले असतील, तर घेऊ द्या. त्याला माहीत असेल की तो मुलामा घेतोय. पण यादीत टायर, ब्रेक पॅड, हेल्मेट यांच्यापुढे रंगीत बोल्ट असेल, तर यादी उलटी करायला लावा.

हौसेला नाही म्हणू नका

सजावटीची हौस ही काही जपानहून आलेली नाही. पोळ्याला आपण बैलाला न्हाऊ घालतो, शिंगांना रंग देतो, बेगड लावतो, पाठीवर झूल टाकतो, गळ्यात घुंगरमाळा बांधतो. वर्षभर जो आपला भार ओढतो त्याचा तो मान. गाडीच्या इंजिनाला सजवणाऱ्या पोराच्या मनातही थोडंफार हेच असतं. पण शेतकरी झूल घालून नांगराला बैल जुंपत नाही. आणि झूल कितीही भरजरी असली, तरी बैल विकत घेताना तो झूल बाजूला सारतो, दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो.

मुलांना आपण एवढंच द्यायचं. झूल आवडू दे, आणि ती बाजूला सारून पाहायची सवयही लागू दे. आज इंजिनावरचा बोल्ट तपासणारं मूल उद्या चकचकीत जाहिरातीचा क्लास, मोठ्या नावाचं कॉलेज, कमी हप्त्याचं कर्ज यांनाही तेच तीन प्रश्न विचारेल. याचं काम काय? ते करतं का? नाही केलं तर नुकसान कुणाचं?

येत्या आठवड्यात बोल्टाचं डोकं वाचण्याचा उपक्रम नक्की घेऊन पाहा. खर्च शून्य आहे, आणि सामान आपल्या गल्लीगल्लीत पडलेलं आहे.